आमची वाटचाल : अकरा जणी आणि एक डाळ मिल

मिल घेतली 2012 साली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या मॉडेलची, पीकेव्ही मिनी डाळ मिल. गट अकरा जणींचा, पण पहिले पैसे माझे आणि थोरल्या जाऊबाईंचे. त्यांनी पाटल्या मोडल्या, घरी सांगितलं बँकेत ठेवल्या म्हणून.

तेव्हापासून नियम एकच. तूर कोणाच्याही वावरातली असो, काट्याची चिठ्ठी बाईच्या नावानं फाडायची. निंदते ती, सोंगते ती, खळ्यावर उपणते ती. सातबारा मात्र नवऱ्याचा, म्हणून आडतीतले पैसेही त्याच्याच हाती. यापायी गावात काय काय ऐकलं ते इथं लिहीत नाही.

2016 मध्ये तूर आठ हजारांवर गेली. तालुक्याचे एक मोठे मिलवाले क्विंटलमागे शंभर रुपये चढवून आमच्याच बायांची तूर उचलू लागले, म्हणून आम्हीही कर्ज काढून त्याच भावानं घर भरलं. इथं चुकलो. भाव पाहून त्या पावसाळ्यात जो तो तूरच पेरत सुटला. 2017 उजाडलं तेव्हा हमीभाव बोनस धरून 5050, आणि बाजार त्याच्याही खाली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही, ट्रॅक्टरच्या रांगा. आमच्या बायांना तर रांगेतही जागा नव्हती, सातबारावर नावच नाही!

तेवढ्यात त्याच मिलवाल्यांनी दुकानादुकानात सांगितलं, "बायांची डाळ आहे, चमक पाहा." चमक कुठून येईल? आम्ही पॉलिश मारतच नाही. तीन दुकानदारांनी कट्टे परत पाठवले. दोन जणी गट सोडून गेल्या. जाऊबाई रात्री मिलच्या खोलीत नुसत्या बसून राहायच्या.

अमरावतीच्या मेसवाल्या मावशी तेवढ्या टिकल्या. महिन्याला 50 किलो, एसटीनं स्वतः यायच्या, आणि त्या वर्षी पैसे जुन्याच भावानं मोजले. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "भाव पडला तं पडला, वरण तं तेच हाये नं!" त्यांच्या पैशावर रोल बदलून घेतला. जुना इतका गुळगुळीत झाला होता की टरफल निघेना, डाळीचा चुराच जास्त.

कोणी विचारलं नाही, तरी सांगते. तेलाचा हात दिल्यावर तुरीला पुरतं ऊन दाखवा. दाताखाली कट्ट वाजली नाही तर मिलला लावू नका. क्विंटलमागे 70 किलोच्या खाली डाळ उतरली तर मशीनला शिव्या देण्याआधी वाळवण पाहा. चुनी, म्हणजे डाळीचा चुरा, फुकट वाटू नका, तिच्यावर विजेचं बिल निघतं. आणि उधारी भावालाही नाही.

कर्ज 2019 मध्ये फिटलं. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली, तिला आम्ही काही विचारलं नाही. जाऊबाईंच्या पाटल्या अजून व्हायच्या आहेत.

परवा यवतमाळच्या दुकानात त्या मिलवाल्यांचा नवा कट्टा दिसला. वर मोठ्या अक्षरात छापलंय, 'बिनपॉलिश गावरान तूरडाळ'. भाव आमच्यापेक्षा वीस रुपयांनी जास्त.