दोरा सापडला भो! झोम्बॉइड टेलरिंग अपडेट

झोम्बॉइड म्हणजे झोम्बींपासून जीव वाचवत जगायचा कॉम्प्युटर गेम. मागच्या वेळी त्यातल्या मुल्ड्रॉ गावच्या घरात कुठे अडकलो होतो ते आठवत असेल, चिंध्या ढीगभर अन् दोरा शून्य. आठ दिवस त्याच्यातच गेले. आज सुटलं एकदाचं.

एक्सपीसाठी, म्हणजे टेलरिंगची लेव्हल वाढवणाऱ्या पॉइंटांसाठी, मी कपड्यांना ठिगळ लावायचो, काढायचो, परत लावायचो. काढताना कापड नशिबात असलं तर परत मिळतं पण दोरा गेला तो गेलाच, अन् रिळात दोरा दहाच ठिगळांचा, म्हणजे 2 रिळं 20 ठिगळांत खलास. त्यात झाडीतून पळताना चांगल्या जीन्सला मांडीवर भोक पडलं. पूर्ण गल्लीतली कपाटं उचकली, सुया 3 मिळाल्या, दोरा नाहीच. मॉड (गेमचे नियम बदलणारी बाहेरची फाइल) टाक म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही, टंचाई आहे म्हणून तर खेळायला मजा.

परवा दुपारी चोपड्यात 44 डिग्री, मी कूलरसमोर गेम लावून बसलेलो अन् बाजूला आई गोधडीसाठी जुनी साडी घेऊन बसली होती. ब्लेडने फॉल उसवत होती अन् निघालेला दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळत होती. म्हटलं आई, एवढुसा दोरा कशाला जपते? तर म्हणे, "फाडायच्या आधी काढून घ्यावा रे, टाचायला होतो."

तिथंच डोक्यात आलं की मी आतापर्यंत फाडल्या त्या सगळ्या बेडशीटा, त्यातून दोरा एकदाही निघाला नव्हता, अन् कपडे मात्र जपून पेटीत ठेवलेले! टेलरिंग लेव्हल 2 होती, 12 शर्ट फाडले, 5 वेळा दोरा निघाला. रीळ भरलेलं नसतं, थोडंसंच असतं, पण आहे ना! लेव्हल वाढते तसा चान्सही वाढतो. तो पहिला दोरा लिस्टमध्ये दिसला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

हे सगळं गेमच्या बिल्ड 41 चं, म्हणजे 41 व्या व्हर्जनचं बरं का, 42 वर अजून गेलो नाही. झोम्बीचे रक्ताळलेले कपडे फाडले तर चिंध्या घाणच निघतात, त्या धुतल्याशिवाय जखमेला बांधू नका, पिकते. जीन्स अन् लेदरला कात्री लागतेच, कात्री दिसली की आधी उचला.

माझा प्लॅन होता की आता सुती ठिगळांनीच लेव्हल वाढवायची, पण लिहिता लिहिता वाटतंय की सुतीवर दोरा घालवायचाच कशाला? शर्ट नुसते फाडायचे, दोरा जमवायचा अन् तो लेदरच्या ठिगळांनाच वापरायचा, चावण्यापासून वाचवण्यात लेदरची बरोबरी सुतीला नाही. उरलेल्या चिंध्यांनी ओंडक्यांच्या मोळ्या बांधतो, चार-चार ओंडके एका खेपेत येतील अन् कुंपणाचं रखडलेलं कामपण होईल.

रात्री लाइट राहिली तर आधी मांडीचं भोक बुजवतो.