सोळावा हंगाम

मंगळवार, रात्री पावणेअकरा

आज बास्केटबॉलचा सराव अर्धा झाला आणि आमची सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी मुलगी, लंगडत बाहेर आली. सेकंड इयरची पोर, कधी कुरकुर करणारी नव्हे. बूट काढायला लावला, तर मोजा टाचेखाली गोळा झालेला आणि टाचेवर रुपयाएवढा पाण्याने टम्म भरलेला फोड. शनिवारी झोनलची मॅच. मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि डोक्यात जॉन वुडन.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे हे कोच दर हंगामाच्या पहिल्या दिवशी बॉलला हात लावू देत नसत. आधी मोजे. करंगळीच्या बाजूला आणि टाचेला हात फिरवून चुणी काढायची, मग मोजा वर ताणून धरायचा आणि तसाच धरून बूट घालायचा. चुणी राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. करीम अब्दुल-जब्बार आणि बिल वॉल्टन हे त्यांचे नामांकित खेळाडू, दोघांनीही बालवाडीतल्या मुलांसारखे बसून हे शिकून घेतलं. मला हे सगळं वर्षानुवर्षं माहीत आहे. मुलींना मात्र एकदाही शिकवलं नाही. तो फोड माझा आहे.

संध्याकाळपासून मन त्यांच्याशीच बोलतंय, म्हणून लिहायला बसले.

वुडन अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले, 1910 सालचे, मार्टिन्सव्हिलजवळच्या शेतावर वाढलेले. पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळताना गाजले. 1932 मध्ये नेलशी लग्न ठरलं आणि नेमकी तेव्हाच बँक बुडाली. साठवलेले 909 डॉलर गेले. तरी लग्न झालं. शाळेत नोकरी धरली. साउथ बेंडला इंग्रजी शिकवायचे आणि बास्केटबॉलही. अगदी पहिल्या शाळेतल्या पहिल्या हंगामात जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त झालं होतं. मग युद्धाच्या काळात नौदल. मी त्यांना आधी शिक्षक मानते ते यासाठी. फळ्यासमोर उभं राहण्याची सवय मैदानावर आली, उलट नव्हे.

पण माझ्या मनात त्यांची जागा ठरली ती 1947 च्या गोष्टीने. तेव्हा ते इंडियाना स्टेट टीचर्स कॉलेजचे कोच होते. छोटं कॉलेज, आणि त्या वर्षी कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं. संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, राखीव खेळाडूंतला. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे कृष्णवर्णीयांना बंदी. वुडननी बोलावणं नाकारलं. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं, बंदी उठली, वॉकर खेळला. त्या स्पर्धेत उतरलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. संघ अंतिम सामन्यात हरला, पण तो पुढचा मुद्दा. मला थांबवतं ते 1947 सालचं नाही म्हणणं. कोच म्हणून नव्याने नाव करायचं असताना, ज्याच्यावाचून संघ अडणार नाही अशा एका पोरासाठी अख्खी स्पर्धा सोडायची. असं करायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. आली तर मी काय करीन, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

1948 मध्ये यूसीएलए. खरं तर मन मिनेसोटा विद्यापीठाकडे होतं. तिकडचा फोन हिमवादळामुळे वेळेवर आला नाही, तोवर यूसीएलएला शब्द दिलेला. मिनेसोटाने नंतर विचारलं, तरी शब्द फिरवला नाही. आल्यावर बघतात तर जिम जुनी, कोंदट. त्याच जागेत जिम्नॅस्टिक्सवाले, तिथेच कुस्तीवाले, खडूची भुकटी सगळीकडे. सरावाआधी कोच स्वतः मदतीच्या मुलांबरोबर फरशी झाडून पुसून घ्यायचे. हे वाचलं तेव्हा मला काय वाटलं ते मलाच ठाऊक. पावसाळ्यात आमच्या सिमेंटच्या कोर्टावर मी आणि दोन मुली खराट्याने पाणी ढकलत असतो, आणि ऑफिसच्या खिडकीतून बघणारे बघत असतात.

त्या जिममध्ये वर्षांमागून वर्षं गेली. त्यांच्या भागात संघ चांगलाच होता, पण राष्ट्रीय विजेतेपद नाही. 1962 मध्ये शेवटच्या चारांत पोचले आणि सिनसिनाटीकडून दोन गुणांनी हरले. पहिलं विजेतेपद आलं 1964 मध्ये. सोळावा हंगाम! सुरुवातीच्या पाचांत एकही धिप्पाड खेळाडू नव्हता, म्हणून पूर्ण कोर्टभर प्रतिस्पर्ध्याला दाबून धरायचं, बॉल आणूच द्यायचा नाही. ही झोन प्रेस वापरू या असा आग्रह सहायक जेरी नॉर्मन यांचा, आणि वुडननी तो ऐकला. 30 सामने, 30 विजय.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. बारा वर्षांत दहा विजेतेपदं, त्यातली सात ओळीने. सलग 88 विजय. त्यावर मला फार लिहावंसं वाटत नाही. एक गोष्ट खुपते ती मात्र लिहिते. सॅम गिल्बर्ट नावाचा धनाढ्य कंत्राटदार खेळाडूंना नियमाबाहेरची मदत करायचा. वुडन निवृत्त झाल्यानंतर, 1981 मध्ये, विद्यापीठावर कारवाई झाली. वुडनवर ठपका आला नाही. तरी मोज्यातली चुणी दिसणाऱ्या माणसाने याबाबत जरा जास्त चौकशी करायला हवी होती, असं मला वाटतं. माझा आदर याने कमी होत नाही, पण हे झाकूनही ठेवणार नाही.

1974-75 च्या शेवटच्या हंगामात गॅलिमोर आणि थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला वही घेऊन बसले. कोच काय बोलतो, काय करतो, याच्या 2,326 नोंदी केल्या. कौतुक सात टक्क्यांच्याही आत, रागावणंही जवळपास तेवढंच. तीन चतुर्थांश निव्वळ शिकवणं: पाय इथे, हात असा, पास छातीतून. भाषण नाहीच. चूक झाली की आधी बरोबर करून दाखवायचं, मग त्या पोराने केलं तसं, पुन्हा बरोबर. काही सेकंदांत खेळ सुरू. आणि यासाठी सकाळी तास-दोन तास बसून छोट्या कार्डांवर मिनिटा-मिनिटाची आखणी.

गेल्या आठवड्यात मी बेंचवरच्या मुलीला वही दिली आणि माझं बोलणं टिपायला सांगितलं. पान भरलं होतं. "चला चला", "पळा गं", "लक्ष कुठंय", "शाब्बास". काय करायचं आणि कसं, असं सांगणाऱ्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. एकवीस वर्षं शिकवतेय मी. ते पान रोजनिशीत चिकटवून ठेवलंय.

आज म्हणून वेगळं करून पाहिलं. बाकीच्या मुली पाणी प्यायला आल्या, तेव्हा त्यांनाही बूट काढायला लावले. सेंटरच्या दुसऱ्या पायावर मोजा चढवून दाखवला, चुणी सोडून दाखवली, पुन्हा नीट चढवला. मग प्रत्येकीने. आमची सर्वांत धांदरट गार्ड जीभ दातांत धरून टाचेवरून अंगठा फिरवत होती, सावकाश, दोनदा. मी "शाब्बास" म्हटलं नाही. "करंगळीकडे राहिलंय" म्हटलं. तिने पाहिलं, राहिलंच होतं.

ग्रुपवर टाकलंय: उद्या सहाला, मोज्यांचे दोन जोड, जाड सुती. उद्याचं कार्ड अजून अर्धं कोरं आहे. साडेसहा ते सातमध्ये फ्री थ्रो घ्यावे की प्रेस, ते ठरवते आणि झोपते.