गाइड कोण, ते आधी सांगा

सप्टेंबरात अलास्कातल्या अँकरेजच्या लेक हूडवर पहाटेपासून इंजिनं घुमायला लागतात. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांच्या जगातल्या सर्वांत गजबजलेल्या तळांपैकी हा एक. आमची कंपनी लहान आहे. विमानं मोजकी आणि परवाना ट्रान्सपोर्टरचा. म्हणजे शिकाऱ्यांना सामानासकट रानात सोडायचं आणि ठरल्या दिवशी परत आणायचं, बस्स. जनावर हेरून द्यायचं नाही, माग काढायचा नाही, कातडं सोलायला हात लावायचा नाही. ते काम गाइडचं आणि त्याचा परवाना वेगळा. मी इथे डिस्पॅच सांभाळते. कोण जातंय, कुठे जातंय, वजन किती, परवाना कुठला, हे सगळं माझ्या टेबलावरून पुढे सरकतं.

त्या दिवशी ढग पार तळ्यावर टेकले होते, उड्डाणं थांबलेली. बाकावर एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ रायफलीची पेटी पायाशी ठेवून बसले होते. यादीतलं आडनाव वाचून मी मराठीतच विचारलं, "काका, चहा घेणार का?"

ते उठूनच उभे राहिले. "पोरी, तू कुठली गं?"

"सांगलीची."

"मग घरचीच की! मी गडहिंग्लजचा."

काका कॅलगरीत स्थायिक झालेले, कॅनडाचे नागरिक. अल्बर्टात दरवर्षी हरणाच्या, एल्कच्या शिकारीला जातात आणि वर्षभराचं मांस फ्रीझरमध्ये भरतात. तिथल्या रहिवाशाला गाइड लागत नाही. अलास्कातला मूस, म्हणजे हरणाच्या कुळातलं अजस्र जनावर, जगात सर्वांत मोठा, म्हणून आयुष्यात एकदा इथे यायचं हे त्यांनी फार आधी ठरवलं होतं. मराठी वाचकांपैकी बऱ्याच जणांना हे खटकेल, मला कल्पना आहे. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला आणि ते योग्यच झालं. पण इथे वन्य प्राण्यांची संख्या टिकून राहील इतकाच वापर करायचा, असं राज्याच्या घटनेतच लिहिलेलं आहे, आणि मारलेल्या मूसचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. मांस आधी बाहेर काढायचं, शिंगं मागून. मला हा नियम मनापासून पटतो.

नोंदीसाठी काकांचा परवाना हातात घेतला आणि थबकले. त्यावर परदेशी नागरिक असल्याची नोंद होती. अलास्कात अमेरिकेच्याच दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि पहाडी बकरा यांच्यासाठीच गाइड सक्तीचा आहे. पण अमेरिकेबाहेरून आलेल्या परदेशी नागरिकाला कुठल्याही मोठ्या जनावरासाठी गाइड लागतोच. मूससाठीही.

"काका, तुमचा गाइड कोण?"

"तुम्हीच की. म्हणजे तुम्ही सोडणार आणि ज्यांना मी पैसे भरलेत त्यांचा माणूस तिथं भेटणार."

त्यांनी पाकिटातून दोन पानं काढली. मी ती नीट वाचली. वर मोठ्या शिंगांचे फोटो, खाली तंबू, जेवण, रबरी होडी, 'रानातला मदतनीस' आणि शंभर टक्के यशाची हमी. निम्मे पैसे आगाऊ भरल्याची पावती टाचलेली. गाइडचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, कुठल्या क्षेत्रात शिकार होणार त्याचा उल्लेख नाही. हमीचं वाक्य मात्र ठळक अक्षरात. इथे मूस दिसला तरी तो कायद्यात बसेलच असं नसतं. बाहेरच्या शिकाऱ्याला बहुतेक भागांत शिंगांचा पसारा किमान 50 इंच लागतो, नाहीतर कपाळाकडच्या फाट्याला त्या भागाच्या नियमाइतकी टोकं. हे लांबून, झुडपातून, चालत्या जनावरावर ओळखायचं असतं. तिथे हमी कोण कसली देणार?

राज्याच्या संकेतस्थळावर कुणाचाही परवाना दोन मिनिटांत तपासता येतो. पावतीवरच्या नावाचा कुणी रजिस्टर्ड गाइड तिथे नव्हता. मी पावतीवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "आमचा माणूस असिस्टंट गाइड आहे." मी विचारलं, "कुठल्या रजिस्टर्ड गाइडच्या हाताखाली?" कारण असिस्टंटला शिकारीचा करार स्वतः करताच येत नाही. तो अधिकार फक्त रजिस्टर्ड किंवा मास्टर गाइडला, आणि तो करार लेखी लागतो. उत्तर आलं नाही. फोन कट झाला.

काकांना सांगणं फार जड गेलं. ते ऐकून घेतल्यावर काही वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी एक वाट काढली. "पोरी, इथं राहणारा नातेवाईक बरोबर असला तर चालतं असं मी वाचलंय. तू माझी भाची म्हणून चल की."

"काका, ती सवलत ठराविक जवळच्या नात्यांनाच आहे, आणि तीही अमेरिकी नागरिकालाच. तुमच्यासाठी सख्खी भाची आली असती तरी चाललं नसतं."

"आणि मी असाच गेलो तर?"

"गाइडशिवाय शिकार केली म्हणून गुन्हा तुमच्यावर येतो. ते मांस, ती शिंगं घेऊन सीमा ओलांडलीत की अमेरिकेचा केंद्रीय कायदाही लागतो. रायफल जाते, मांस जातं. आणि तुम्हाला सोडून आलो म्हणून आमचा परवानाही अडचणीत."

पायलटला बोलावून सगळं दाखवलं. त्याने मान हलवली आणि काकांचं सामान वजनकाट्यावरून उतरवलं. वाइल्डलाइफ ट्रूपर्सना, म्हणजे शिकारीचे गुन्हे बघणाऱ्या राज्य पोलिसांना, मी कळवलं. काकांनी ती दोन्ही पानं आणि पावती त्यांच्या हवाली केली, जबाबही दिला. मला सगळ्यात वाईट याचं वाटलं की काका बेफिकीर माणूस नव्हते. अमेरिकेत रायफल आणण्याची परवानगी, मारलेल्या जनावराला लावायचा टॅग, मोजमापाचे नियम, सगळं त्यांनी चोख केलं होतं. फसवणाऱ्याला अशीच माणसं सापडतात, वर्षानुवर्षं पैसे साठवून आलेली.

धुकं हटत नव्हतं, म्हणून मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि खऱ्या गाइडला काय काय विचारायचं ते सांगितलं. परवाना क्रमांक. नोंदवलेलं क्षेत्र कुठलं, कारण एका गाइडला एका वेळी तीनच क्षेत्रं नोंदवता येतात, आणि केंद्र सरकारच्या अभयारण्यात जायचं तर तिथली परवानगी वेगळी. रानातल्या मुक्कामावर प्रत्यक्ष कोण असणार आणि एका गाइडमागे शिकारी किती. हवामानाने दिवस वाया गेले तर काय. मांस कसं बाहेर येणार, हे तर पहिल्या फोनवरच विचारावं. मोठ्या नरापासून सव्वादोनशे किलोच्या आसपास मांस निघतं. ओल्या, गुडघाभर गवतातून ते पाठीवर वाहायचं असतं, आणि लहान विमानाच्या दोन फेऱ्या होतात. या प्रश्नाला जो गुळमुळीत उत्तर देतो त्याच्याकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संदर्भ म्हणून जुन्या गिऱ्हाइकांची नावं मागताना रिकाम्या हाताने परतलेल्यांचीही मागावीत.

दुपारी काकांनी राज्याच्या संकेतस्थळावरच्या एका रजिस्टर्ड गाइडला फोन लावला आणि आवाज स्पीकरवर टाकला. यंदा जागा नाही, पुढच्या सप्टेंबरात आहे. खर्च वीस हजार डॉलरच्या पुढे. काकांनी हमीचं विचारलं.

"हमी नाही," तो म्हणाला. "मागच्या हंगामात माझे काही शिकारी मूसशिवाय गेले. तुमचे गुडघे कसे आहेत?"

मग त्यानेच प्रश्न सुरू केले. वय, औषधं, किती अंतरावरून नेम बसतो, 50 इंच शिंगं लांबून ओळखता येतात का. काका म्हणाले, येत नाहीत. "मग मी हो म्हटल्याशिवाय गोळी सुटणार नाही. आणि आजपासून वीस किलोची सॅक पाठीवर घेऊन चालायला लागा."

कराराचा मसुदा ईमेलने आला. मी छापून दिला. काकांनी चष्मा लावून आधी परवाना क्रमांक शोधला आणि स्वतः संकेतस्थळावर ताडून पाहिला. मग पैसे परत मिळण्याचं कलम दोनदा वाचलं. तोवर ढग उचलले होते आणि बाकीच्यांना नेणारं बीव्हर विमान धक्क्याला लागलं, मला बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा काकांनी विसार भरला नव्हता. गाइडने दिलेल्या नावांपैकी मूस न मिळालेल्या एका माणसाशी ते फोनवर बोलत होते.