वढवाणा तलावावरची जानेवारीतली पाणपक्षी गणना

बडोद्याहून डभोईमार्गे वढवाणा सुमारे पन्नास किलोमीटर. दांडिया बाजारातून पहाटे साडेपाचला निघालं की उजाडायच्या आत तलावाच्या पाळीवर पोचता येतं. गायकवाडी राजवटीत सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत होते, त्यामुळे धुकं गृहीत धरा. ते विरेपर्यंत काठच्या गवतातले कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या उरकाव्यात.

एका गटात तिघे पुरतात: एक दुर्बिणीला, दुसरा वहीला, तिसऱ्याची नजर आभाळात. प्रत्येकाकडे ८×४२ ची दुर्बीण, गटात एक स्पॉटिंग स्कोप (लांबचं बघायची एकनळी दुर्बीण) आणि वजनदार तिपाई. हलकी तिपाई वाऱ्यात थरथरते. स्कोप २०–३० पटीवरच ठेवा. ६० पटीवर पक्षी मोठा दिसतो खरा, पण मोजता मोजता जागा हरवते. पेनाऐवजी पेन्सिल न्या, दवाने शाई पसरते. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर सगळी बदकं काळीच.

खरी कसोटी मिश्र थव्याची. वारकरी हे काळे पाणपक्षी आणि मोठी लालसरी, तलवार बदक, थापट्या ही बदकं एकत्र बसलेली असतात. आधी जात न बघता एकूण आकडा काढा: शंभर पक्षी नीट मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यांत बसवायचा आणि तोच पुढे पुढे ठेवत जायचं. मग थव्यात तीन-चार ठिकाणी शंभर-शंभर पक्ष्यांत कोणाचे किती ते बघून प्रमाण लावायचं. एकाच ठिकाणचं प्रमाण घेतलं तर फसगत होते, कारण वारकरी घोळक्याने राहतात (नावाला जागतात म्हणा). बुड्या मारणाऱ्यांची फेरी दोनदा करून मोठा आकडा धरावा. कोणी ना कोणी कायम पाण्याखाली असतंच. माद्या ओळखू येत नसतील तर ‘बदक, अनोळखी’ लिहा. अंदाजाने जात ठोकण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

भोवत्या हा शिकारी पक्षी आला की थवा उठतो आणि शेजारच्या गटाच्या हद्दीत उतरतो. दुबार मोजणी होते ती इथे. उडालेल्यांची वेळ, दिशा आणि अंदाजे संख्या लगेच टिपून ठेवा.

उन्हाच्या झळा पाण्यावर नाचू लागल्या की लांबची मोजणी थांबवा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर संख्येच्या जागी नुसती फुली टाकू नका, आणि सगळ्या गटांची उडालेल्या थव्यांची टिपणं पाळीवरच, डबे उघडायच्या आधी, जुळवून घ्या. बडोद्याला परतल्यावर कोणालाच दिशा आठवत नाही.