यंदा काय सोडलं, असं तुम्ही विचारलंत म्हणून

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये हाच प्रश्न. पुण्याहून फोनवर मावशी विचारते, इथल्या मराठी मंडळात कुणी ना कुणी विचारतं: "लेंट लागला ना? मग यंदा काय सोडलं?" आणि मागोमाग दुसरा: "तुम्हीही कपाळाला भस्म लावता म्हणे?" इतकी वर्षं मी "गोड" किंवा "चहा" असं एका शब्दात सांगून विषय संपवत आले. ते खोटं नव्हतं, पण त्यातून कुणाला काही कळतही नव्हतं. या वेळी सविस्तर सांगते.

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ. उपास, प्रायश्चित्त, चाळीस दिवस हे तुम्हाला ठाऊक आहे. फक्त चाळिसाचा हिशेब सांगते, कारण दरवर्षी त्यावरूनच कुणीतरी मला धरतं. लेंटचा पहिला दिवस म्हणजे राखेचा बुधवार, त्या दिवशी कपाळाला राखेचा क्रूस लावतात. २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला. बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलंत तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा करा. रविवार येशूच्या पुनरुत्थानाचा, त्या दिवशी उपास नसतो. म्हणून रविवारी माझ्या ताटात जिलबी दिसली तर "मोडलं का?" असं विचारू नका, मोडलेलं नसतं. आमच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात उपासाचे म्हणून नाव घेऊन सांगितलेले दिवस दोनच आहेत: राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बाकीचा नेम ज्याचा त्याने ठरवायचा.

आमचं चर्च एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चमधून आलेल्या) घराण्यातलं. १९७० साली उत्तर भारतातल्या अँग्लिकन मंडळ्या इतरांबरोबर सीएनआयमध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये, एक झाल्या, त्यामुळे पुण्याच्या पंचहौद चर्चमधल्या माणसाला आमच्या उपासनेचा साचा परका वाटत नाही. रविवारी ऐंशीएक माणसं असतात. सकाळी आठला जुन्या इंग्रजीतली, गाण्याविना उपासना, साडेदहाला क्वायरसह. बुधवारी दुपारी छोटं प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना. गुरुवारी बुलेटिन, म्हणजे उपासनेचं पत्रक, छापून होतं, संध्याकाळी क्वायरची तालीम. शनिवारी सकाळी आम्ही दोघी-तिघी सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीमागच्या तयारीच्या खोलीत. आमच्या गटाला ऑल्टर गिल्ड म्हणतात. चर्चमध्ये काय सोडलं जातं ते पाहायचं असेल तर या खोलीतल्या कपाटांपासून सुरुवात करायला हवी.

शनिवारचं काम वर्षभर तेच. प्याल्याखाली अंथरायचं चौकोनी लिननचं कापड, कॉर्पोरल, अर्धवट ओलं असताना इस्त्री करायचं. पूर्ण सुकलं की सुरकुती हटत नाही. घडी तीनात तीन, म्हणजे नऊ चौकोन, आणि आतल्या बाजूला, कारण भाकरीचा कण पडला तर तो घडीत राहायला हवा. प्याला पुसायची छोटी कापडं वापरानंतर थेट मशीनमध्ये जात नाहीत. पहिलं पाणी पिसिना नावाच्या बेसिनमध्ये ओततो. त्याचा पाइप गटाराला जोडलेला नसतो, सरळ मातीत उतरतो. वेदीवरचं मोठं कापड घडी न करता नळीवर गुंडाळायचं, नाहीतर मधोमध रेघ दिसते. त्यावर मेण सांडलं तर ओढायचं नाही. बर्फाने कडक करून बोथट सुरीने सोडवायचं, उरलेलं दोन कागदांमध्ये ठेवून इस्त्रीने शोषून घ्यायचं. द्राक्षरस माणशी छोट्या चमचाभर धरतो, ऐंशींना चारशे मिलिलिटर. उरला तर तो प्यावा लागतो किंवा मातीत ओतावा लागतो, बाटलीत परत जात नाही. म्हणून मोजून ओतायचा.

लेंट जवळ आला की यातल्या वस्तू एकेक करून कमी होऊ लागतात. वेदीच्या कापडाचा रंगही बदलतो. जानेवारीतल्या एपिफनी सणानंतरचे आठवडे हिरवे. शेवटचा रविवार, यंदा १५ फेब्रुवारीचा, येशूच्या तेजस्वी रूपांतराचा उतारा वाचण्याचा, म्हणून पांढरा. मंगळवारी रात्रीपर्यंत पांढरं उतरवून जांभळं लावायचं. काही ठिकाणी जांभळ्याऐवजी न धुवलेलं, मातकट लिनन लावतात. वेदीवरची फुलं बंद. ग्लोरिया या स्तुतिगीताच्या जागी 'प्रभू, दया कर'. शेवटच्या आशीर्वादाऐवजी लोकांवरची प्रार्थना, ती वाकून ऐकायची. आणि हालेलूया, म्हणजे 'देवाची स्तुती करा' हा आनंदाचा घोष, बंद, ईस्टरच्या जागरणापर्यंत.

हा हालेलूया काढणं सगळ्यात अवघड, कारण तो कुठेकुठे दडून बसतो. बुलेटिन मागच्या आठवड्याच्या फाइलवरून तयार होतं. भाकर मोडतानाच्या वाक्यात तो दोनदा असतो, शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) वाचनाआधीच्या घोषात असतो, निरोपाच्या वाक्यात कुणीतरी सवयीने लावलेला असतो आणि गीताच्या शेवटच्या कडव्यात असतो, जे निवडताना कुणी वाचलेलं नसतं. फाइलमध्ये शब्द शोधून भागत नाही, कारण काही गीतांत तो 'अलेलूया' असा लिहिलेला असतो. दोन जणींनी छापील प्रत तोंडाने म्हणून पाहायची. रविवारी ऐंशी माणसांतल्या तिघांनी जरी तो म्हटला तरी सगळ्या देवळाला ऐकू जातो, आणि म्हणणाऱ्याला फार वाईट वाटतं. मुलांनी रंगवलेला हालेलूयाचा फलक पेटीत ठेवून ती पेटी आम्ही वेदीखाली ठेवतो. 'सोडणं' म्हणजे काय, ते मुलांना त्या पेटीवरून लगेच कळतं. मोठ्यांना समजावताना मात्र मी अजून अडखळते.

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, पॅनकेकचं जेवण असतं, त्याबद्दल थोडक्यात: उपासाआधी घरातलं लोणी, अंडी, दूध संपवायचं, एवढाच त्याचा उगम. वाटीभर मैदा, तेवढंच दूध, एक अंडं, दोन मोठे चमचे वितळलेलं लोणी, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, यात आठ होतात. साठ माणसांना तीन-तीन धरले तर तेवीस वेळा. सगळं एकदम भिजवून ठेवलं की शेवटचे चपटे होतात, पावडरीचा जोर निघून जातो. म्हणून कोरडं आधी मिसळून ठेवायचं आणि ओलं चार-चार घाण्यांपुरतंच घालायचं. गुठळ्या राहिल्या तरी चालतील. फेटत बसलात तर रबर होतं.

त्याच संध्याकाळी अंगणात राख होते. भस्माचा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे वाचावं.

मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, लोकांनी घरी नेलेल्या झावळ्या जानेवारीपासून दाराजवळच्या टोपलीत परत येतात. रिबिनी, टाचण्या, स्टेपल, प्लास्टिकची फुलं आधी काढायची. झावळी हातात कडकन मोडली पाहिजे. वाकली तर ती अजून ओली आहे आणि नुसता धूर करील. कात्रीने बोटभर तुकडे, जाड लोखंडी कढईत, उघड्यावर, वारा नसताना. रॉकेल, लायटरचं तेल वगैरे काही नाही, कारण ते माणसाच्या कातडीवर जाणार आहे. ज्वाला बसली की वर झाकण. हे झाकण महत्त्वाचं. हवा मिळत राहिली तर झावळी पूर्ण जळते आणि पांढुरकी राख उरते, ती कपाळावर दिसत नाही. झाकली की काळा कोळसा राहतो. तो खलात कुटायचा आणि चहाच्या बारीक गाळणीतून दोनदा गाळायचा. पिशवीभर झावळ्यांतून चार-पाच चमचे निघतात आणि शंभर कपाळांना दोन पुरतात.

त्यात काय मिसळायचं, यावरून आमच्याकडे एकदा जे झालं ते मी कुणाला नीट सांगितलेलं नाही.

त्या वर्षी झाकण ठेवलं नव्हतं. राख पांढुरकी आणि भरपूर निघाली. ती कोरडी उडत होती, अंगठ्याला धरत नव्हती. दुपारची उपासना दहा मिनिटांवर, सॅक्रिस्टीत तेल सापडेना. वाटीत पाणी घातलं गेलं. चमचाभर राखेला चमचाभर पाणी, छान काळसर लगदा झाला. कुणी घातलं हे विचारू नका, तिथे आम्ही तिघी होतो आणि तिघींनीही ते बघितलं.

पहिल्या रांगेतल्या आजींना प्रार्थना संपायच्या आत चुरचुरायला लागलं. त्यांना वाटलं, असंच असायचं असेल, म्हणून त्या गप्प राहिल्या. ५१ वं स्तोत्र संपेपर्यंत एका लहान मुलाने कपाळ चोळलं आणि ते डोळ्याजवळ गेलं. मग एक, मग चार, मग रांगच. घरी जाऊन पुसलं तेव्हा राखेखाली लाल क्रूस होता. एकीच्या कपाळाला फोड आला आणि तो खूण सोडून गेला, आठवडाभर. राख लावणाऱ्या रेक्टरबाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्य पाळकांच्या, अंगठ्याची साल गेली. त्यांनी प्रत्येकाच्या घरी फोन केला. आम्ही तिघी फोनशेजारी बसलो होतो.

कारण साधं आहे आणि ते आपल्याला, निदान मराठी घरात वाढलेल्याला, ठाऊक असायला हवं होतं. आजी चुलीच्या राखेने भांडी घासायची. तेलकट पातेलं राखेने लख्ख होतं, कारण राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. पाण्यात ते विरघळलं की पाणी तीव्र अल्कधर्मी होतं आणि चरबी कापतं. भांडी घासणाऱ्या बायकांच्या हातांना भेगा पडायच्या त्या याच पाण्याने. जितकी राख पूर्ण जळलेली, पांढरी, तितका क्षार जास्त. काळ्या कोळशात तो कमी. म्हणजे झाकण न ठेवणं आणि पाणी घालणं या दोन चुका एकमेकींना मिळाल्या, आणि लगदा वाटीत जितका वेळ राहिला तितका क्षार पाण्यात उतरत गेला. शेवटच्या रांगेला सर्वांत जास्त झोंबलं ते म्हणूनच.

तेव्हापासून नियम: पाणी नाही, पवित्र पाणीही नाही. छोट्या चमचाभर काळ्या राखेला ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब, काडीने कालवून, आदल्या रात्री. ओल्या वाळूसारखं दिसायला हवं. तेल जास्त झालं तर क्रूस नाकावर ओघळतो. वाटीशेजारी लिंबाची फोड आणि पावाचा तुकडा असतो, पाळकांनी अंगठा साफ करायला. लिंबाचं आम्ल उरलासुरला क्षार मारतं आणि पाव तेल टिपतो. ही जुनीच रीत आहे. आम्ही ती शोभेची समजून बंद केली होती, हे मला आजही टोचतं.

त्या वर्षानंतर मीच म्हणत होते की राख लावणंच थांबवावं. माझ्या बाजूने प्रार्थनापुस्तकही होतं, कारण तिथे "राख लावायची असल्यास" असं लिहिलंय. सक्ती नाही. शिवाय त्याच दिवशी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात: उपास करताना तोंड उतरवू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. हे ऐकायचं, आणि दहा मिनिटांनी कपाळ काळं करून रस्त्यावर जायचं! मावशी, तू हेच विचारलं होतंस, आणि मी तुझ्यावर चिडले होते. चिडायला नको होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आजही पक्कं उत्तर नाही. भस्माशी तुलना केलीत तर माझं म्हणणं असं, की भस्म लावणारा ते रोज, आपलं म्हणून लावतो. ही राख वर्षातून एकदा दुसऱ्याच्या हातून लावून घ्यायची असते, आणि लावताना तो सांगतो की तू माती आहेस, मातीलाच परत जाशील. हे स्वतःला सांगता येत नाही. ज्या आजींच्या कपाळाला चुरचुरलं त्या पुढच्या वर्षी पहिल्याच रांगेत होत्या. तेव्हा मी माझा आग्रह सोडला. पण मत्तय तिथेच आहे, त्याचं मी काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या कार्यकारी मंडळात, दोन वर्षं यावर बोलणं झालं. कुणी म्हणालं, राख घेऊन जाणं ही साक्ष आहे. कुणी म्हणालं, दारातच पुसावी. शेवटी बाहेरच्या दारापाशी, बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी, ओल्या कापडांचं ताट ठेवायचं ठरलं. पाटी नाही, सूचना नाही. आठ कापडं ठेवतो. मागच्या बुधवारी रात्री पाच काळी झाली होती, तीन कोरी. काळी चोळून धुवायची नाहीत, राख धाग्यात बसते. आधी सुकवून झटकायची, मग भांड्यांच्या साबणाचा थेंब लावून तेल सोडवायचं, मग कोमट पाणी. हे पाणीही आम्ही पिसिनात ओततो.