तुम्ही विचारलंत म्हणून: मिक्स कुत्रं जास्त निरोगी असतं का?

नाशिकचा गंगापूर रोड असो की सिडको, पिल्लू शोधणारं घर हे विचारतंच: "जातिवंत नको, मिक्स घेतलं की आजारांची कटकट नाही ना?" काही आजारांपुरतं खरं आहे. पण मिक्स कशाकशाचं, ते आधी सांगा.

बरेच आनुवंशिक आजार आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच दिसतात. दोघेही वाहक (बिघडलेलं एक जनुक बाळगणारे, पण स्वतः निरोगी) असतील, तर प्रत्येक पिल्लाला आजाराचा धोका २५ टक्के. एका जातीची कुत्री बहुधा एकमेकांची नातलगच, त्यामुळे अशी गाठ पडणं सोपं. डाल्मेशियनमध्ये तर यूरिक अॅसिडचं एक जनुक जातभर बिघडलेलं होतं आणि त्यातून मूतखडे व्हायचे. १९७३ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी एकदाच पॉइंटर या दुसऱ्या जातीशी संकर केला, पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. चांगलं जनुक परत आलं, ठिपके शाबूत. जातिवंत कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबला ही कुत्री स्वीकारायला २०११ उजाडलं!

मात्र संकराने सगळंच सुटत नाही. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१३ मध्ये सत्तावीस हजारांवर कुत्र्यांच्या नोंदी २४ आजारांसाठी तपासल्या. १० आजार जातिवंतांत जास्त होते, १३ मध्ये फरक नव्हता आणि गुडघ्याचा लिगामेंट तुटणं उलट मिक्समध्ये जास्त. खुब्याचा डिसप्लेसिया, म्हणजे खुब्याचा सांधा नीट न बसणं, त्या १३ मधलाच. त्यामागे अनेक जनुकं असतात, म्हणून लॅब्राडॉर (लॅब) आणि जर्मन शेफर्डचं मिक्स घेऊन खुबा वाचत नाही. दोन्ही घराण्यांत तोच दोष. पगच्या मिक्सचंही तसंच. नाक चपटं राहिलं, तर नाशिकच्या मे महिन्यात ते धापा टाकणारच.

आपलं गावठी कुत्रं यात उजवं, कारण त्याची वीण कुणी चेहरा बघून जुळवलेली नाही. पण पार्व्हो (विषाणूमुळे होणारे जीवघेणे जुलाब-उलट्या) आणि गोचीडताप जात विचारत नाहीत. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करा आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्या.

जातिवंतच हवं असेल तर केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद पुरेसा नाही, तो वंशावळ सांगतो, प्रकृती नाही. लॅबसाठी मागायचं ते हे: आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे, शक्यतो दोन वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेले, आणि हळूहळू दृष्टी घालवणाऱ्या डोळ्यांच्या पीआरए व व्यायामाने कोसळण्याच्या ईआयसी या आजारांच्या डीएनए चाचण्या. एक पालक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर त्या आजाराने एकही पिल्लू बाधित होत नाही, काही फक्त वाहक निघतात. वाहक म्हणून चांगलं कुत्रं बाद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, नाहीतर जातच आणखी आकसते.

आणि पिल्लू घरी आल्यावर त्याला गुटगुटीत करू नका. लॅब्राडॉरवरच्या दीर्घ अभ्यासात २५ टक्के कमी खाणारी भावंडं जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांच्यात सांधेदुखीही उशिरा आली. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. आजी चोरून चपाती देणार असतील, तर वाटीतलं खाणं तेवढं कमी करा.