हनोईत आईसाठी घरी केलेला चिकनचा फो

मी नोकरीसाठी दोन वर्षं हनोईत होते आणि तिथल्या पहिल्या हिवाळ्यात आई कणकवलीहून महिनाभर राहायला आली. फेब्रुवारीत तिथे थंडी पडते आणि वर ती बारीक भुरभूर, पाऊस म्हणावा तर पाऊस नाही पण कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत सकाळी सात वाजता फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून गरम फो, म्हणजे तांदळाच्या नूडल्स घातलेला व्हिएतनामी रस्सा, खायचा हे हनोईचं खरं सुख, पण आई बीफ खात नाही आणि चिकनचं दुकान दाखवलं तरी तिला खात्री वाटेना, डाव तोच असेल, पातेलं तेच असेल. मग म्हटलं घरी करू. इथे सगळं ताजं मिळतं, अवघड काय आहे त्यात.

अवघड होतं.

पहिल्या खेपेला मी आपण मटणाचा रस्सा करतो त्या हिशोबाने गेले. कोंबडीचे तुकडे, पाणी, चक्रीफुलं तीन-चार, दालचिनी, लवंगा, सगळं एकदम टोपात घातलं, झाकण ठेवलं आणि दोन तास रटरट उकळलं. माझ्या फ्लॅटमध्ये इंडक्शनची शेगडी, त्यामुळे कांदा-आलं तव्यावरच भाजलं, ते मधेच करपलं आणि आत कच्चं राहिलं. झाकण काढलं तर गढूळ राखाडी पाणी आणि वास थेट सर्दीच्या काढ्याचा. आईने काही न बोलता अर्धा बाऊल संपवला. मला फार वाईट वाटलं, कारण एवढ्या लांब येऊन तिला इथली ही एक गोष्ट नीट खाऊ घालायची माझी मनापासून इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाकना सांगितलं. बाक हे त्यांचं नाव नाही हं, आपल्या आईवडिलांपेक्षा मोठ्या माणसाला तिकडे बाक म्हणतात आणि ते आपल्याला चाऊ म्हणतात, म्हणजे भाची, नात, जे काय असेल ते. आपल्यासारखंच तिथेही नातं लावल्याशिवाय हाक मारता येत नाही, आईला हे ऐकून एकदम बरं वाटलं होतं. तर बाकनी फोनमधल्या ट्रान्सलेटवर माझी सगळी कृती वाचली आणि दोन्ही हात हलवून नाही नाही केलं. रविवारी सकाळी मला बाजारात घेऊन गेल्या.

गावठी कोंबडी घेतली, पिवळ्या कातडीची, दीड किलोच्या वर थोडी, आणि वेगळी एक किलो हाडं, पाठी आणि पाय. कातडी काढायची नाही, हे मला आधी पटेना पण सगळी चव आणि तो पिवळा तवंग तिथूनच येतो. नूडल्स किलोवर मिळतात, ताज्या, तांदळाच्या, पांढऱ्याशुभ्र पट्ट्या केळीच्या पानात गुंडाळून. आणि लिंबाची पानं! चिकनच्या फोवर ती केसाएवढी बारीक चिरून घालतात, बीफच्या फोत ती नसतात.

बाजारातून येताना बाकनी सांगितलं की मूळ फो बीफचाच, उत्तरेतला, नाम दिन्ह भागातल्या लोकांनी हनोईत आणलेला. फ्रेंचांच्या काळात बीफचं खाणं वाढलं आणि हाडं स्वस्तात मिळायला लागली. चिकनचा फो मागून आला, 1939 च्या सुमाराला आठवड्यातून दोन दिवस बीफ विकायला बंदी होती त्या दिवसांत विक्रेत्यांनी कोंबडी वापरली असं तिकडे सांगतात. म्हणजे आईची अडचण हनोईत नवी नव्हती.

आता मुख्य काम. आधी हाडं गार पाण्यात घालून पाच मिनिटं खळखळून उकळली, वर करडी मळी आली, ते सगळं पाणी ओतून दिलं आणि एकेक हाड नळाखाली चोळून धुतलं. पहिल्यांदा मी हे केलंच नव्हतं. मग स्वच्छ टोपात पाच लिटर पाणी, हाडं, अख्खी कोंबडी, थोडं मीठ. एकदा उकळी दिसायला लागली की आच इतकी कमी करायची की मधूनमधून एखादाच बुडबुडा वर यावा. बाक तासभर टोपाशेजारी उभ्या होत्या आणि जरा जोर वाढला की माझ्या हातावर हलकी चापट. जोरात उकळलं की चरबी आणि मळीचे कण पाण्यात मिसळून जातात, मग ते काही केल्या नितळ होत नाही. झाकणही पूर्ण लावायचं नाही. झाऱ्याने फेस काढत राहायचं.

कांदा-आल्यासाठी बाकनी त्यांची छोटी डब्याच्या गॅसची शेगडी वर आणली. दोन मोठे कांदे सालीसकट, हाताएवढा आल्याचा तुकडा, थेट जाळावर चिमट्याने फिरवत. साल काळी कोळसा झाली, आतून कांदा मऊ पडून गोड रस सुटायला लागला आणि तो वास घरभर पसरला तशी आई बाहेरच्या खोलीतून उठून आत आली, शेगडीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘ह्या तर आपला वाटपच! खोबरा खंय?’’ बाकना मी ते ट्रान्सलेट करून दाखवलं, त्या खूप हसल्या. मग दोघींनी मिळून ती काळी साल काढली, कांदा पुसून घेतला, आलं ठेचलं. काळं आत गेलं की रस्सा कडवट होतो, हे आईला सांगावं लागलं नाही.

मसाला बघून आईला नवल वाटलं, चक्रीफूल, दालचिनी, धणे, सगळं मालवणी मसाल्यातलंच. पण इथे वाटायचं नाही आणि ढीगभरही नाही. चिकनच्या फोला दोन चक्रीफुलं, दालचिनीचा बोटभर तुकडा, चमचाभर धणे, कोरडे भाजून पुरचुंडीत बांधले आणि शेवटच्या पाऊण तासापुरते सोडले. वास मागून आला पाहिजे, पुढे कोंबडीच. दोन तास मसाला उकळून मी आधी काढा केला होता तो ह्यामुळे.

कोंबडी साधारण पन्नास मिनिटांनी बाहेर काढली आणि सरळ बर्फाच्या पाण्यात. कातडी ताणली जाते, चमकते, मांस कोरडं पडत नाही. गार झाल्यावर मांस हाताने सोडवलं आणि सांगाडा परत टोपात, अजून दोन तास. शेवटी खडीसाखरेचा लहान खडा आणि फिश सॉस, मासे आणि मीठ मुरवून केलेलं ते तपकिरी पाणी. बाटली उघडली की बऱ्याच जणांना नको होतं, आईने हुंगून फक्त ‘सुकटीचो डबो’ एवढंच म्हटलं आणि बोटावर घेऊन चाखलं.

गाळून घेतलेला रस्सा फिक्या चहासारखा, तळातली डावाची दांडी दिसावी इतका नितळ, वर पिवळ्या तवंगाची वर्तुळं. नूडल्स गाळण्यात घालून उकळत्या पाण्यात दहा सेकंद, बाऊलमध्ये, वर चिकन, कांद्याची पात, कोथिंबीर, लिंबाची पानं, मग कडकडीत रस्सा. बाजूला लसूण घातलेलं व्हिनेगर आणि मिरची. मोड आणि तुळशीसारख्या पानांचं ताट दक्षिणेत, सायगॉनकडे देतात, हनोईत नाही, बाकना तो विषयही आवडत नाही.

बाकनी आधी नुसता रस्सा चमच्याने घेतला, मान हलवली, मग नूडल्सबरोबर घास घेतला आणि थांबल्या. बाटली उचलून टोपात अजून दोन चमचे फिश सॉस घातला. नूडल्सना स्वतःचं मीठ नसतं, म्हणून नुसता पिताना रस्सा थोडा जास्त खारट लागला तरच बाऊलमध्ये बरोबर लागतो. मी ते वहीत लिहून घेतलं. आई तोवर दुसरा बाऊल मागत होती, लिंबू पिळून, मिरची जरा जास्त.

तिसऱ्यांदा केला तो ती परत निघायच्या आदल्या दिवशी, बाक गावाला गेल्या होत्या. हाडं आईने धुतली, कांदे तिनेच भाजले, आणि टोपाशेजारी स्टूल घेऊन आचेकडे लक्ष देत तीच बसली.